पाण्यातले देव

माझं एक ठरलेलं व्याख्यान आहे. विषय, माणूस धर्माकडे का वळतो. आमचं नास्तिकांचं एक छोटं मंडळ आहे. नारायण पेठेत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही महिन्यातून एकदा जमतो, आणि बोलावलेला वक्ता ऐनवेळी आला नाही की मला उभं करतात. मी तयारच असतो. भीती, अज्ञान, एकटेपण, सवय, पुरोहितांचा फायदा, या क्रमाने बोलत जातो. मध्ये दोन विनोद आहेत. त्यातला एक देव पाण्यात ठेवण्यावरचा. "घरावर संकट आलं की आपल्याकडे देवघरातले देव उचलून पाण्यात बुडवून ठेवतात. संकट टळेपर्यंत बाहेर काढत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे मदत मागायची त्यालाच ओलीस धरायचं!" यावर हमखास हशा येतो. मंडळातले बहुतेक जण साठीच्या पुढचे. त्यांच्या आयांनी कधी ना कधी असे देव बुडवलेले असतात, त्यामुळे हसताना ते एकमेकांकडे बघून माना डोलावतात.

हा विनोद मी आता करत नाही. का करत नाही, ते मंडळात सांगायची हिंमत झालेली नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आई माझ्याकडे असते असं लोक म्हणतात. खरं तर मीच तिच्याकडे असतो, कारण बिबवेवाडीचा हा फ्लॅट वडिलांनी घेतलेला. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लाकडी देवघर आहे. त्यात रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, महादेवाची पिंड आणि खंडोबाचा चांदीचा टाक. मागे दोन-तीन तसबिरी. कॉलेजात असताना मी एके दिवशी जाहीर केलं की इथून पुढे मी देवाला नमस्कार करणार नाही. मोठं रणकंदन होईल अशा तयारीने उभा होतो. आई पोळ्या लाटत होती. "नको करूस," ती म्हणाली, "हात धुऊन पानावर बस." माझी सगळी भाषणं जागच्या जागी जिरली. तेव्हापासून देवघर तिचं आणि पुस्तकांचं कपाट माझं, अशी जी वाटणी झाली ती आजवर टिकली. फ्रिज उघडायला मी दिवसभर तिथे ये-जा करतो, पण शेजारच्या देवघरात डोकावत नाही. याचा मला थोडा अभिमानही होता.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला दाढी करताना कानाखाली, मानेवर एक गाठ हाताला लागली. बायको तेव्हा बंगळूरला होती, मुलीच्या बाळंतपणासाठी. तिला उगाच घोर नको म्हणून मी मंडळातल्या एका मित्राला बरोबर घेतलं आणि सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांना मान दाखवली. त्यांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, काढून तपासायला पाठवू. हे वाक्य डॉक्टर लोक ज्या सहज आवाजात बोलतात, त्या आवाजाची मला फार भीती वाटते.

आईला मी सांगितलं की चरबीची गाठ आहे, डॉक्टर पाच मिनिटांत काढून टाकतील. तिने माझ्या मानेकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली.

आमच्या घरात हे असंच चालत आलेलं आहे. वडिलांच्या वेळीही आम्ही असंच केलं. आम्ही म्हणजे मी आणि काका. वडिलांच्या पोटात कॅन्सर आहे हे आम्हाला पहिल्या तपासण्यांतच कळलं होतं. आईला आम्ही अल्सर सांगितलं. बाईमाणूस खचून जाईल, घर कोण बघणार, असं काका म्हणाले आणि मी, विज्ञाननिष्ठ वगैरे, मान हलवली. ती बिचारी त्यांना मऊ भात आणि ताक देत राहिली, तिखट बंद केलं, कारण अल्सरला ते पथ्य. वडील गेले त्यानंतरही कुणी तिला समोर बसवून काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने विचारलं नाही, त्या अर्थी तिला ते नकोच असेल, असं मी धरून चाललो. ते मला सोयीचं होतं.

माझी गाठ निरुपद्रवी निघाली. "आत आणखी एक बारीक गाठ दिसते आहे. तिच्यावर लक्ष ठेवू, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा," एवढं बोलून डॉक्टरांनी आम्हाला मोकळं केलं. खाली उतरून मित्राने आणि मी कोपऱ्यावर चहा घेतला, मग आणखी एकेक घेतला. बायकोला फोन करून सगळं सांगितलं. तिने आधी रडून घेतलं, मग कडाडून भांडून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "आईंना सांगितलंत का?"

"तिला मुळात काही माहीतच नाही, तर सांगायचं काय?" मी म्हणालो. मला हे उत्तर फार तर्कशुद्ध वाटलं होतं.

दिवाळी आली, गेली. मी चकल्या खाल्ल्या, मंडळात बोललो, दोन लेख लिहिले. आई जरा गप्प गप्प असायची, पण वय झालं की माणसं गप्प होतात. एकदा तिचा चहा चुकून मी प्यायलो तर अजिबात गोड नव्हता. "साखर सोडलीस की काय?" मी विचारलं. "नको वाटते हल्ली," ती म्हणाली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आमच्या भागात अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं. मग बुधवारीच घरातली सगळी भांडी भरून ठेवायची, आणि शुक्रवारी नळाला पाणी आलं की उरलेलं शिळं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घालायचं. हे काम माझं. अशाच एका शुक्रवारी सकाळी आई समोरच्या फ्लॅटमध्ये गेली होती आणि मी एकेक भांडं रिकामं करत होतो. बादली झाली, कळशी झाली. देवघराच्या खालच्या फळीवर ताटली झाकलेलं एक पितळी पातेलं दिसलं. तेही उचललं, गॅलरीत नेलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं.

पाण्याबरोबर अन्नपूर्णा पडली. तिच्यामागून गणपती आणि पिंड. टाक मातीत उभा रुतला. बाळकृष्ण कुंडीच्या काठावर आपटून फरशीवर गेला आणि रांगत रांगत निघाल्यासारखा पाणी जायच्या भोकापाशी जाऊन अडकला.

हे काय आहे ते मला क्षणात कळलं. लहानपणापासून शेजारीपाजारी ऐकलेलं, आणि माझ्या व्याख्यानातलं. पण हे आपल्या घरात आहे, आणि मला त्याचा पत्ता नाही! मी गुडघ्यांवर बसून देव गोळा करायला लागलो. डोक्यात एकच विचार, ती यायच्या आत पातेलं परत भरायचं, देव आत ठेवायचे, ताटली झाकायची. पण ते ठेवतात कसे, उभे की आडवे, टाक वर की खाली, मला काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्यावर लोकांना हसवलं त्याची साधी रीत मला माहीत नव्हती. बाळकृष्णाच्या गुडघ्याला लागलेली माती मी सदऱ्याने पुसत होतो, तेवढ्यात मागे चाहूल लागली.

आई गॅलरीच्या दारात उभी होती. तिने रिकामं पातेलं बघितलं, माझ्या हातातला बाळकृष्ण बघितला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"काढलेस?" ती म्हणाली. "आला का रे? चांगला आला ना?"

"काय आला?"

"गाठीचा रिपोर्ट रे. तपासायला पाठवली होती ना."

मी मान हलवली. "चांगला आला," असंही म्हणालो. ती दाराची चौकट धरून तिथल्या स्टुलावर टेकली आणि पदराने डोळे पुसू लागली. "तू त्यांना हात लावलास तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "वाईट असतं तर तू कशाला त्यांच्या वाटेला जातोस?"

तिला वाटलं होतं, आपला नास्तिक मुलगा आपल्याला चांगली बातमी द्यायची म्हणून स्वतःच्या हातांनी देव बाहेर काढतो आहे. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी समजलं नसेल, आणि ते साफ खोटं होतं.

"पण तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? एरवी चपला घालता घालता तू माझ्यावर खेकसतोस. डॉक्टरांकडे निघालास त्या दिवशी 'येतो गं आई' म्हणालास. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात तेही दाखवून ठेवलंस. चरबीच्या गाठीला कुणी किल्ल्या दाखवतं?" मग तिने विचारलं, "आज आला रिपोर्ट?"

मी खरं सांगू शकलो असतो. ती माझ्यासमोर बसली होती, माझ्या हातात तिचा देव होता, दुसरं कुणी घरात नव्हतं. मी म्हणालो, "हो, आजच कळलं."

"आता पुन्हा काही नाही ना?"

"नाही."

तिने देव उचलून नेले, चिंचेने घासून लख्ख केले आणि एकेकाला जागेवर बसवून गंध लावलं. शिऱ्याचा नैवेद्य झाला. दुपारच्या चहात तिने साखर घातली, एक चमचा, मग थांबून आणखी अर्धा. ती तो चहा पीत होती आणि मी समोर बसून बघत होतो. मला माझी इतकी लाज वाटली, पण तेव्हाही मी बोललो नाही.

त्याच रविवारी मंडळात वक्ता आला नाही. मी उभा राहिलो. सवयीने "भीती" म्हणून सुरुवात केली आणि पुढे बोलताना माझं मलाच ऐकू यायला लागलं. भीती, म्हणत होतो, पण ही भीती काही तिच्यावर आभाळातून पडली नव्हती. ती मीच घरात आणून ठेवली होती आणि उत्तर खिशात घालून हिंडत होतो. अज्ञान म्हणालो. तिचं अज्ञान कुणी केलं होतं? कुठल्या भटजीने नाही, बुवाने नाही. विज्ञानाचा पदवीधर आणि विवेकवादी मंडळाचा जुना सभासद असलेल्या मुलाने केलं होतं. आणि एकटेपणाच्या मुद्द्यावर तर मला पुढची वाक्यंच आठवेनात. पाण्यातल्या देवांचा विनोद मी गाळला. शेवटी एका गृहस्थांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमच्या घरी कुणी देवाचं करतं का?" याचं माझं उत्तर ठरलेलं आहे, "आई करते, ते तिचं स्वातंत्र्य आहे," आणि त्याला टाळ्याही पडतात. त्या दिवशी मी "आई करते" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. "आज जरा आटोपतं घेतलंत, बरं झालं," अध्यक्ष म्हणाले. आमच्याकडे कौतुक असंच करतात.

घरी आलो तर आई टेबलाशी मेथी निवडत होती. मी समोर बसलो, चार काड्या हातात घेतल्या.

"आई, तो रिपोर्ट परवा शुक्रवारी नाही आला. आधीच आला होता."

तिचे हात थांबले. "आधी म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीत माझे देव पाण्यात होते," ती म्हणाली. "लक्ष्मीपूजन तसबिरींचं केलं. तू इथे बसून चकल्या खात होतास."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही. मी माफी मागितली, पण ती कशाची कशाची मागायची होती हे मलाच नीट उमजत नव्हतं, त्यामुळे बोलणं अडखळत झालं. मग उरलेलंही सांगून टाकलं. आणखी एक बारीक गाठ आहे, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय, बहुतेक काही नसेल, पण नक्की आत्ता सांगता येत नाही.

ती उठली, हात धुतले. मला वाटलं, आता देवघराकडे जाईल. तिला वाकायला लागू नये म्हणून मीच पुढे होऊन फळीवरचं पितळी पातेलं काढलं आणि नळाखाली धरलं. आजही मला कळत नाही, त्या क्षणी मी कोण होतो.

"हे काय?" ती म्हणाली.

"परत ठेवायचे असतील ना पाण्यात?"

"ठेव ते खाली." ती पुन्हा खुर्चीवर बसली. "त्यांना मी विचारत होते, कारण तू सांगत नव्हतास. तुझ्या वडिलांच्या वेळीही तेच. घरात तुम्हा सगळ्यांना माहीत. मी खोलीत आले की तुम्ही बोलायचं थांबायचात. मी कुणाला विचारायचं? हे एवढे उरले होते."

"तेव्हाही ठेवले होतेस?"

"ठेवले होते. काढायला कुणी सांगितलं नाही. तेरावं झाल्यावर माझे मीच काढले." तिने मेथीची जुडी पुढे ओढली. "आता तू सांगितलंस. मग त्यांना कशाला बुडवू? पुढच्या वेळी मला घेऊन जा डॉक्टरांकडे."

मी आस्तिक झालेलो नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर ओळखीचे लोक पेढे मागायला येतील. देव नाही असं मला पूर्वी वाटत होतं तितकंच आजही वाटतं. पण देवाची ती जागा रिकामी आहे असं म्हणताना, तिच्यासमोर कुणाला जाऊन बसावं लागतं आणि कुणामुळे, याचा मी विचार केला नव्हता. आई त्या पितळी पातेल्याशी बोलत होती तेव्हा मी तिच्यापासून एका फ्रिजच्या अंतरावर होतो.

ठरल्याप्रमाणे काही महिन्यांनी आम्ही दोघं सदाशिव पेठेत गेलो. निघण्याआधी मी देवघरात डोकावून पाहिलं. सगळे जागेवर होते, कोरडे, गंध लावलेले. खरं सांगायचं तर मला किंचित वाईट वाटलं.

दवाखान्याच्या जिन्यावर तिने दर पायरीला दम खाल्ला, पण रिक्षातच थांबतेस का असं मी विचारल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी वर चढायला लागलो. आमचा नंबर यायचा होता. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागली. शेजारच्या बाईंनी आदराने जरा सरकून जागा केली. पूर्वी मी अशा वेळी उठून लांब जाऊन उभा राहायचो. आता बसून राहिलो. बराच वेळ झाल्यावर विचारलं, "कुठलं स्तोत्र म्हणतेस?"

तिने डोळे उघडले. "स्तोत्र कसलं? डॉक्टरांना विचारायचेत ते प्रश्न घोकतेय. आत गेल्यावर विसरायला होतं."

"मला सांग. मी लक्षात ठेवतो."

तिने सांगायला सुरुवात केली. पहिला प्रश्न माझ्या गाठीचा असेल असं मी धरलं होतं. तो दुसरा होता. पहिला असा होता, की त्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटी नक्की काय झालं होतं, आणि तिने त्यांना ताकभात देण्यात काही चुकलं का.

आतल्या डॉक्टरांनी वडिलांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं, आणि आमचा नंबर यायला अजून वेळ होता.